चार गाडी रॅबिट

"रिक्षा दारात इल्याशिवाय मी खाली पाय ठेवचंय नाय," असं रत्नप्रभा परब यांनी सप्टेंबरात जाहीर केलं, आणि डिसेंबर उजाडला तरी त्यांचा पाय दुसऱ्या मजल्यावरच होता.

तसं पाहिलं तर पायात आता काही बिघाड नव्हता. दोन्ही गुडघे नवे कोरे बसवले होते. डॉक्टर रोज चाला म्हणत होते आणि रत्नप्रभाकाकू रोज चालतही होत्या, स्वयंपाकघर ते गॅलरी आणि गॅलरी ते स्वयंपाकघर. बिघाड होता तो खाली. मुलुंड पूर्वेच्या 'स्नेहसागर' सोसायटीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत जो दीडेकशे फुटांचा तुकडा होता, त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ पत्त्यात काहीतरी लिहावं लागतं म्हणून. रिक्षावाले त्याच्या तोंडाशी यायचे, आत डोकावायचे आणि "अंदर नहीं जाएगा" म्हणून प्रवाशाला पिशव्यांसकट उतरवून टाकायचे. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातले लोक म्हणत, हा तुकडा सोसायटीचा. सोसायटी म्हणे, पालिकेचा. ज्या बिल्डरला खरं ठाऊक होतं तो बिल्डर केव्हाच परागंदा झाला होता.

ऑपरेशननंतर काकू इस्पितळातून परतल्या तेव्हा रिक्षा अशीच तोंडाशी थांबली. मग प्लॅस्टिकची खुर्ची आणली गेली. चार कोपरे चौघांनी उचलले, तळमजल्यावरच्या विपुलभाईंनी वरून छत्री धरली आणि मिरवणूक निघाली. नुकतंच गणपतीविसर्जन झालं होतं. कोणाच्या तरी पोराने गॅलरीतून "पुढच्या वर्षी लवकर या!" असं ओरडून घेतलं. अख्खी सोसायटी हसली. काकू हसल्या नाहीत. घरात पोचल्या, खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी ते वरचं वाक्य उच्चारलं.

त्या खुर्चीचा एक कोपरा काकूंच्या नवऱ्याच्या, लवूकाकांच्या हातात होता, आणि तेही हसले नव्हते. त्यांच्या लहानपणी आंबेखोल गावाला रस्ता नव्हता. आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालायचं, झोळी बांबूला बांधायची आणि चौघांनी डोंगर उतरून एसटीच्या थांब्यापर्यंत न्यायचं. लवूकाकांच्या आईला असंच नेलं होतं. ती थांब्यापर्यंत पोचली नाही. पुढे लवूकाका विशीत असताना गावाने श्रमदानाने रस्ता केला, आणि त्या रस्त्यावरून पहिली एसटी आली तेव्हा ते एका बाजूला जाऊन एकटेच रडले होते. हा शेवटचा भाग सोडून बाकी सगळी हकिकत ते घरात इतक्यांदा सांगत, की मुलगा सौरभ 'आंबेखोल' हा शब्द ऐकला की टीव्हीचा आवाज वाढवायचा.

"गावात जा काय बंद केलंव," लवूकाका त्या रात्री जेवताना म्हणाले, "ता मुलुंडात परत सुरू झाला. माणसाक उचलून न्यायचा! ह्यो रस्तो मी करतलंय."

सौरभ सोसायटीचा सेक्रेटरी होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. वार्षिक सभेत विषय घेऊ या ना."

"सभेन रस्तो होत नाय. आंबेखोलात सभा घेऊन घेऊन सतरंजी फाटली. रस्तो झालो तो गाऱ्हाण्यान."

सौरभने टीव्हीचा आवाज वाढवला. ही त्याची चूक झाली. ऐकलं असतं तर त्याला पुढचं सगळं आधीच कळलं असतं.

डिसेंबरात सोसायटीचा सत्यनारायण होता. आरती झाली, प्रसादाच्या द्रोणांकडे लोकांचे डोळे लागले, तेव्हा लवूकाका पुढे झाले. "गाऱ्हाणां घालतंय," ते म्हणाले. सोसायटीत निम्मी घरं मालवणकडची. उरलेल्यांनाही हा प्रकार पाठ झाला होता. एकाने देवाला साकडं घालायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून ओरडायचं. विपुलभाई तर त्यासाठीच थांबत.

"बा देवा सत्यनारायणा, आज ह्या लेकरांनी जी काय तुझी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची पोरां शिकतत, कोणाची नोकरी शोधतत, तेंका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि येत्या आयतवारी सकाळी, ही सगळी लेकरां घरटी एक माणूस बाहेर पडान ह्या गल्लीचो रस्तो बांधतली, तेंच्या हातापायात बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज ह्याच वाक्याला झाला. विपुलभाईंनी तर हात वर केला.

द्रोण रिकामे झाले तेव्हा एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडू लागला. मालवणकडची मंडळी गप्प झाली, कारण देवासमोर दिलेला शब्द मागे घेण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. पहिल्या मजल्यावरचा तुळशीदास कोळी मासळीचा व्यापारी होता, त्यामुळे घासाघीस त्याच्या अंगात होती.

"काका, मी 'व्हय' बोललो," तो म्हणाला. "'म्हाराजा' नाय बोललो."

"मग अर्धो दिवस काम कर."

विपुलभाई पुढे झाले. "काका, ते घरटं काय होतं? चिमणीचा प्रोग्रॅम हाय काय?"

"घरटी म्हणजे दर घराक, विपुलभाय. प्रत्येक घरातसून एक माणूस."

"एऽऽ!" विपुलभाईंचा चेहरा उतरला. "मी समजलो, पक्षी लोकला दाणा टाकायचा."

लवूकाकांना मात्र पक्कं माहीत होतं की नुसत्या शब्दाने रस्ता होत नाही, दगड लागतो. शेजारच्या जुन्या इमारतीचं पाडकाम चालू होतं. तिथे विटा, सिमेंटचे तुकडे, फुटक्या लाद्या यांचे डोंगर पडले होते. मुंबईत ह्या मालाला रॅबिट म्हणतात, आणि तो कोणालाही नको असतो. लवूकाका तिथल्या सुपरवायझरला, कृणालला, जाऊन भेटले.

"तुमका ह्याचा काय करूचा आसा?"

"काका, न्या ना! आम्हाला टाकायला जागाच नाहीये. किती पाहिजे?"

लवूकाकांनी हिशोब आधीच करून ठेवला होता. आंबेखोलात देवळापासून विहिरीपर्यंतचा तुकडा एवढाच होता. "चार गाडी," ते म्हणाले. "आयतवारी सकाळी. चारच. जास्त नको, उरला तर ठेवचा खय?"

"चार गाडी. फिक्स?"

"फिक्स."

दोघांनी हात मिळवले. लवूकाकांच्या डोळ्यांसमोर जी गाडी होती तिला दोन बैल होते. कृणालच्या डोळ्यांसमोर जी होती तिला दहा चाकं होती.

रविवारी सकाळी भूकंप झाल्यासारखा आवाज होऊन सोसायटी जागी झाली. लोक गॅलरीत आले. पहिला डंपर रिकामा होऊन निघाला होता, दुसरा पाठ वर करत होता, आणि मोठ्या रस्त्यावर आणखी दोन उभे होते. लवूकाका बनियनवर खाली धावले. "अरे, बस! बस! झाला!" ते हात हलवत ओरडले. डंपरच्या ड्रायव्हरला वाटलं, ते 'या, या' म्हणताहेत. त्याने मागे घेतला.

धूळ बसली तेव्हा गल्लीत छातीइतका उंच बांध उभा होता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आतल्या सगळ्या गाड्या आत. बाहेर पडायला वाट नाही. सौरभने कृणालला फोन लावला. कृणालचा रविवार होता आणि फोन बंद होता.

"बाबा, वाट लागली ना आपली!"

"वाट लागूक नाय," लवूकाका म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. "वाट करूची आसा."

एवढ्यात तुळशीदास जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आला. त्याने तो बांध पाहिला आणि कपाळावर हात मारला. त्याचा टेम्पो आत उभा होता. टेम्पोत बर्फात सुरमई आणि कोळंबी भरलेली होती. संध्याकाळी ठाण्यात एका हळदीचं जेवण होतं आणि मासळी दुपारी तिथे पोचायला हवी होती.

"काका, ही मासळी वितळली ना..."

"मासळी वितळत नाय, बर्फ वितळता."

"तेच ते! घमेलं कुठे आहे?"

आणि अशा रीतीने ज्याने नुसतं 'व्हय' म्हटलं होतं, त्याने पहिलं घमेलं उचललं. विपुलभाईंना बोरिवलीला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. ते सिल्कचा झब्बा घालून खाली आले, बांधाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, वर जाऊन लेंगा घालून परत आले. ज्यांनी रविवारी सकाळी गुपचूप सटकायचा बेत केला होता, ते सगळे आपापल्या गाड्यांसकट अडकले होते. दहाच्या आत घरटी एकच काय, काही घरांतून तिघे-तिघे उतरले.

लवूकाकांचा आवाज आता परत आला. ते मधोमध उभे राहिले आणि आंबेखोलचा रस्ता मुलुंडात उतरू लागला. मोठे तुकडे तळाला, उभे रोवून. त्यांच्या फटीत लहान तुकडे. वर बारीक चुरा, मग पाणी, मग ठोकणं.

"आडवो घालू नको रे तो! चाकाखाली डगमगतलो. उभो घाल, दात कसो बसता तसो!"

"मधे उंच घ्यायचा, दोनी बाजूक उतार. मासळीच्या पाठीसारखो."

"कुठल्या मासळीच्या?" तुळशीदासने विचारलं. "पापलेटाची पाठ वेगळी, बांगड्याची वेगळी."

"बांगड्याच्या."

"मग असं बोला ना!" दिवसभरातली एवढी एकच सूचना तुळशीदासला दोनदा सांगावी लागली नाही.

ठोकायला धुम्मस हवी होती, म्हणजे दांडा लावलेला जड ठोकळा. ती मुलुंडात कुठे मिळणार? सौरभने व्यायामासाठी लोखंडी बार आणि वजनाच्या चकत्या आणल्या होत्या, त्या पलंगाखाली धूळ खात पडल्या होत्या. लवूकाकांनी सगळ्या चकत्या बारच्या एकाच टोकाला चढवल्या, बार उभा धरला आणि आपटला. रॅबिट दबलं. घेतल्यापासून प्रथमच त्या सामानाला घाम लागला.

वरून रत्नप्रभाकाकू गॅलरीच्या कठड्याला टेकून बघत होत्या. "अवो, गटाराकडे पाणी जाता काय बगा! गेटाकडे खड्डो रवलो!" त्यांचं बरोबर असायचं. आंबेखोलच्या रस्त्यावर त्यांनीही, लग्नाआधी, पाण्याचे हंडे वाहिले होते. लवूकाकांच्या हकिकतीत हे हंडे क्वचितच येत.

अकराच्या सुमारास मोटारसायकलवरून वॉर्डातले एक साहेब आले. कोणीतरी तक्रार केली होती.

"हा राडारोडा कोणी टाकला? रस्त्यावर टाकायला बंदी आहे, माहीत नाही? दंड होईल. काम बंद करा."

सगळे हातात घमेली घेऊन थिजले. सौरभ माफी मागायला पुढे सरसावला, तेवढ्यात विपुलभाईंनी त्याला मागे ओढलं. आयुष्यभर त्यांनी घाऊक कापडाचा धंदा केला होता आणि समोरच्याचं वाक्य उलटं करून बघायची त्यांना सवय होती.

"साहेब, रस्त्यावर म्हंजे कोणाच्या रस्त्यावर?"

"पालिकेच्या."

"म्हंजे हा रस्ता पालिकाचा हाय?"

साहेब 'हो' म्हणणारच होते. त्यांच्या लक्षात आलं की 'हो' म्हटलं तर सोसायटीने इतकी वर्षं केलेले सगळे अर्ज जिवंत होऊन उभे राहतील.

"नाही," ते सावधपणे म्हणाले. "हा खासगी आहे."

"मग आमच्या रस्त्यावर आमचा रॅबिट. दंड कशाला?"

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "चालू द्या तुमचं," ते म्हणाले. "पण मी इथे आलो नव्हतो." मोटारसायकल वळवताना तिचं मागचं चाक रॅबिटमध्ये रुतलं, तेव्हा न आलेल्या साहेबांना चौघांनी ढकलून मोठ्या रस्त्यावर काढून दिलं. विपुलभाईंना त्यानंतर घमेलं कोणी उचलू देईना. ते मात्र हट्टाने उचलत राहिले.

बारा वाजता ऊन चढलं आणि घमेल्यांचा वेग मंदावला. टेम्पो सुटायला अजून गेटाजवळचा तुकडा ठोकायचा होता. ठोकणारे दमले होते. तुळशीदासने बार खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि कमरेवर हात ठेवून लवूकाकांकडे पाहिलं.

"काका, एक विचारू? घरटी एक माणूस ना?"

"व्हय."

"मग तुमच्या घरातला माणूस कोण?"

"कोण म्हणजे? मी आसंय मां!"

"तुम्ही मुकादम. मुकादम धरत नाय."

"सौरभ?"

सगळ्यांनी सौरभकडे पाहिलं. तो सकाळपासून कानाला फोन लावून कृणालचा नंबर फिरवत होता आणि एकही वीट त्याच्या हाताला लागली नव्हती.

"सेक्रेटरी पण धरत नाय," तुळशीदास म्हणाला.

"बरोबर बोलता हा तो!" गॅलरीतून आवाज आला.

सौरभ लाजून पुढे झाला, "द्या बाबा, मी करतो ना," म्हणाला. पण लवूकाकांचा चेहरा लाल झाला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपल्याच बायकोसमोर कोणी आपल्याला गैरहजर ठरवतं म्हणजे काय! त्यांनी बार उचलला. "बाजूक व्हा," ते म्हणाले, आणि सुरुवात केली. आंबेखोलात ठोकताना जी लय असायची ती हातांना अजून आठवत होती. लोक बघत उभे राहिले, मग लाजून कामाला लागले. एकाने घमेली भरली, दुसऱ्याने पाणी मारलं. दीड वाजता तुळशीदास टेम्पोत बसला. टेम्पो हळूहळू बांगड्याच्या पाठीवरून निघाला, कुठेही डगमगला नाही आणि सुरमई-कोळंबीसकट ठाण्याच्या दिशेने गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तर डोळे पुसले, आणि मग धूळ गेली म्हणून सांगितलं.

"आता अजून एकच," लवूकाका म्हणाले. दारासमोर हातभर जागा दबायची राहिली होती. त्यांनी बार वर उचलला, आणि तो वरच राहिला. पाठीत कुठेतरी 'कट' असा आवाज झाला. सौरभने बार काढून घेतला, पण लवूकाका तसेच वाकलेले राहिले. ना खाली, ना वर.

"खुर्ची आणा रे!" कोणीतरी ओरडलं. तीच प्लॅस्टिकची खुर्ची आली.

"नको!" लवूकाका जमिनीकडे बघत गरजले. "खुर्ची नको! माणसाक उचलून न्यायचा नाय म्हणान तर ह्यो रस्तो केलो!"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की कोणी हसलं नाही. खुर्ची मागे गेली. विपुलभाई लेंग्यावरच मोठ्या रस्त्याकडे धावले.

वर गॅलरी रिकामी झाली होती. लिफ्टचा दरवाजा उघडला आणि रत्नप्रभाकाकू बाहेर आल्या. हातात काठी, अंगावर चांगलं लुगडं, खांद्याला पर्स. खालच्या पायरीवर त्या थांबल्या. नवरा दहा पावलांवर वाकलेला, पण काकू थांबल्या. शब्द म्हणजे शब्द.

मोठ्या रस्त्यावर रिक्षा दिसली. ती सवयीने तोंडाशी थांबली. ड्रायव्हरने आत डोकावून पाहिलं, डोकं खाजवलं, आणि काही न बोलता चाक आत घातलं. मागच्या सीटवर विपुलभाई नवरदेवासारखे बसले होते. रिक्षा सबंध गल्ली पार करून दाराशी आली. पुढचं चाक पायरीला लागलं तेव्हा काकूंनी पाय खाली ठेवला.

"अगो, मी मराक टेकलंय," लवूकाका जमिनीकडे बघत म्हणाले.

"इलंय, इलंय. घाई कित्याक करतास?"

त्यांना आडवं-तिरपं करून आत बसवलं. काकू शेजारी बसल्या. रिक्षा निघाली. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत काकांनी हूं की चूं केलं नाही. तिथे पहिल्याच खड्ड्यात रिक्षा आदळली आणि ते कळवळले.

"आता दुखूक लागला?" काकूंनी विचारलं.

"आपल्या रस्त्यावर दुखूक नाय," लवूकाका दात आवळून म्हणाले. त्या तसल्या अवस्थेतही त्यांच्या स्वरात समाधान होतं. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि तीन आठवडे पाठ टेकून पडून राहायला सांगितलं. उठायचं नाही, वाकायचं नाही, जिना नाही, रिक्षा तर मुळीच नाही. तुळशीदासने हळदीतून उरलेली सुरमई आणून दिली. विपुलभाई रोज संध्याकाळी येऊन 'आमच्या रस्त्यावर आमचा रॅबिट' ची गोष्ट सांगू लागले. सौरभने सोसायटीच्या सभेत वरून डांबर घालायचा ठराव मांडला आणि तो मंजूरही झाला.

बुधवारी दुपारी लवूकाका पलंगावर पडले होते. खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. रत्नप्रभाकाकू आतून पदर सारखा करत आल्या, पर्स घेतली, चपला घातल्या.

"खय चललंस?"

"गोरेगावाक. बहिणीकडे. चार महिने झाले, तोंड बगूक नाय तिचा."

"आणि माका कोण बगतलो?"

"सौरभ सहाक येतलो. जेवण झाकून ठेवलंय."

"थांब, मी पण येतंय."

"तुमका उठूक मना केलेला आसा."

"अगो, एवढो रस्तो मी कोणासाठी केलो?"

"माझ्यासाठी," काकू म्हणाल्या. "म्हणानच चललंय मां."

दार बंद झालं. लवूकाका छताकडे बघत कान देऊन ऐकत राहिले. लिफ्ट खाली गेली. रिक्षा सुरू झाली, हळूहळू गल्लीतून निघाली, गेटाजवळ जिथे खड्डा राहिला होता त्या जागेवर आली. ते श्वास रोखून आदळण्याची वाट पाहत राहिले. रिक्षा आदळली नाही. त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की खिडकीतून रस्ता बघावा म्हणून ते पाठ विसरून उठायला गेले आणि जोरात ओरडले. पण रिक्षा तोवर मोठ्या रस्त्याला लागली होती.